सामंताची तालीम

मराठीत ‘तालीम’ हा शब्द दोन घरी नांदतो. मुळशी तालुक्यात कोणी म्हणाले, की ‘पोरगा तालमीला जातो’, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तांबडी माती, मारुतीची तसबीर आणि घामाने निथळणारे दंड उभे राहतात. तेच वाक्य पुण्याच्या सदाशिव पेठेत उच्चारले, तर पोरगा नाटकात शिरला असे समजून त्याची आई परीक्षेच्या काळजीने व्याकूळ होते. शब्द मूळचा अरबी; अर्थ शिक्षण एवढाच. पण आपल्या पूर्वजांनी तो पैलवान आणि नट या दोघांना वाटून दिला, यात मला मोठे शहाणपण दिसते. पैलवान आरशापुढे उभा राहून पैलवान होत नाही. तो जोडीदाराच्या अंगाशी अंग भिडवून होतो. समोरच्याचा जोर कुठून येतो, हे कळल्याशिवाय त्याला स्वतःचा डाव सुचत नाही. नटाची भूमिकाही अशीच घडत असावी, असे मला फार दिवस वाटत होते. यंदा ते प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

समीक्षक म्हणजे पडदा वर गेल्यावर खुर्चीत येऊन बसणारा आणि पडदा पडल्यावर मत देणारा प्राणी. स्वयंपाकघरात डोकावायचे नाही आणि पंगतीत मात्र मीठ कमी-जास्त सांगायचे, हा आमचा बाणा! पण माझे बिऱ्हाड कासारसाईत असल्यामुळे यंदा स्वयंपाकघरच माझ्या दाराशी चालून आले. पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलामुलींनी विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवायला घेतले होते. संध्याकाळनंतर त्यांना महाविद्यालयात खोली मिळेना. त्यांच्यातला एक मुलगा आमच्या गावचा. त्याच्या घरचा गोठा दोन वर्षांपासून रिकामा होता. जमिनीचा मोठा तुकडा विकला गेला, तशी जनावरेही गेली. दावण तेवढी उरली. तो गोठा झाडूनसारवून मंडळींनी तिथे सहा आठवडे तालमी केल्या, आणि शेजारधर्म म्हणून मलाही एक खुर्ची मिळाली.

कासारसाई ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पवनेला मिळणाऱ्या कासारसाई नदीवर इथे मातीचे धरण आहे, आणि सुटीच्या दिवशी पुण्या-पिंपरीची मंडळी त्याच्या काठी हवा खायला येतात. जवळच श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. एका बाजूला ऊस आणि भात, आणि थोडे पलीकडे हिंजवडीच्या काचेच्या इमारती. गाव आणि शहर यांची शीव कुठे, हे इथे कोणालाच नीट सांगता येत नाही. त्यामुळे शहरातून आलेल्या पाहुण्याशी कसे वागावे आणि त्याने आपल्याशी कसे वागावे, हा प्रश्न इथल्या माणसाला रोजचा आहे. हा प्रश्न मनात ठेवूनच पुढचे वाचावे; कारण आमच्या गावच्या त्या मुलाला मिळालेली भूमिका सामंताची होती.

‘शांतता!’ हे नाटक 1967 साली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले, आणि सुलभा देशपांडे यांची लीला बेणारे मराठी रंगभूमीच्या इतिहासात जाऊन बसली. या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण बहुतेक सगळे बेणारेबाईंवर. ते स्वाभाविकही आहे. तरीही एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. हे सगळे नाटक म्हणजे मुळात एक तालीम आहे, आणि ती तालीम घेतली जाते ती सामंतासाठी! शहरातली एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर अण्वस्त्रांबद्दल खटला चालवायचा, असा रात्रीचा कार्यक्रम. मंडळीतला एक जण आलेला नसतो, म्हणून गावचा सामंत साक्षीदार म्हणून उभा करायचा ठरते. त्याने कोर्ट कधी पाहिलेले नाही. मग त्याला कोर्टाचे रीतिरिवाज कळावेत म्हणून एक लुटुपुटीचा खटला काढायचा, आणि त्यात आरोपी करायचे बेणारेबाईंना. या खेळाचे पुढे काय होते, ते नाटक पाहिलेल्यांना सांगायला नको. सारांश, नवख्या नटाला भूमिका शिकवण्याच्या निमित्ताने एका बाईच्या आयुष्याची चिरफाड होते. अशा नाटकात सामंताचे काम नवख्या विद्यार्थी नटाच्या वाट्याला यावे, यापेक्षा चांगला योग कोणता?

पहिल्या वाचनाच्या दिवशी मात्र हा योग फुकट जाणार, अशी चिन्हे दिसली. आमचा सामंत (त्याला आपण याच नावाने ओळखू) एरवी कासारसाईची बोली बोलणारा. पण वाचताना त्याने पहिली दोन पाने अगदी शहरी, इस्त्री केलेल्या आवाजात वाचली. बाकीची मुले हसली. “अरे, सामंत गावचा आहे ना? मग गावच्यासारखं बोल की!” असे कोणीतरी म्हणाले. त्याबरोबर त्याने दुसरे टोक गाठले. मान वाकडी केली, शब्द हेल काढून ताणले, नाकात बोलू लागला. मुले आणखी हसली, आता कौतुकाने. मी त्याच्याकडे पाहत होतो. हा आवाज त्याच्या घरात कोणाचाच नव्हता. त्याच्या चुलत्याचा नव्हता, आजोबांचा नव्हता. तो चित्रपटांतून आणि दूरदर्शनवरून आलेला, ठोकळा मारून काढलेला ‘गावकऱ्या’चा आवाज होता. गावात वाढलेल्या मुलाला गावकऱ्याची नक्कल शहराकडून उसनी आणावी लागावी, ही गोष्ट मला हसण्यासारखी वाटली नाही.

इथे त्या मुलावर रागावून उपयोग नाही. नवखा नट पहिल्याप्रथम उसनवारीच करतो. रशियन नाट्याचार्य स्तानिस्लाव्हस्की यांनी अभिनयावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीच्या रूपात लिहिला. 1936 साली तो इंग्रजीत प्रसिद्ध झाला, आणि के. नारायण काळे यांनी ‘अभिनय साधना’ या नावाने तो मराठीत आणला. त्यातला कोस्त्या हा विद्यार्थी ऑथेल्लोची भूमिका करायला निघतो, तेव्हा घरी तोंडाला चॉकलेट फासून, डोळे गरगरा फिरवून, दात विचकून रानटीपणा दाखवतो. त्याने मूर कधी पाहिलेला नसतो. पाहिलेली असते ती मूरची कल्पना. आमच्या सामंताची अडचण कोस्त्याच्या उलट होती. त्याने सामंत शेकड्यांनी पाहिले होते. फक्त ते रंगमंचावर आणण्याच्या लायकीचे आहेत, यावर त्याचा विश्वास नव्हता.

दिग्दर्शन शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी करत होती. सगळे तिला ताई म्हणत. तिने त्या दिवशी वाद घातला नाही. एवढेच म्हणाली, “संहितेत सामंताच्या तोंडी हसवण्यासाठी घातलेलं एकही वाक्य मला दाखव. मग मान वाकडी कर.” मुलाने दोन दिवस शोधले. सामंताच्या बोलण्यात संकोच आहे, आर्जव आहे, नव्याची उत्सुकता आहे. पण ठसकेबाज गावंढळ विनोद नाही. तेंडुलकरांनी त्याला विदूषक केलेलेच नाही. विदूषक करतो तो आपण. वाकडी मान तिसऱ्या दिवशी सरळ झाली.

मग दुसरा टप्पा आला. नाटकाच्या आरंभी सामंत बेणारेबाईंना घेऊन त्या हॉलमध्ये येतो. दाराची कडी लावताना त्यांच्या बोटाला लागलेले असते, आणि ती कडी कशी हाताळायची हे तो समजावून सांगतो. पुढे हेच दार बेणारेबाईंची वाट अडवते. म्हणजे ही कडी म्हणजे तोंडीलावणे नव्हे. ताईने त्याला विचारले, “तुमच्या गावात अशा हॉलच्या किल्ल्या कोणाकडे असतात?” झाले! दुसऱ्या दिवसापासून आमचा सामंत गावातल्या एका किल्लीवाल्या गृहस्थांच्या मागावर. चार दिवसांनी त्याने तालमीत येऊन सांगितले, “ते कुलूप उघडताना कुलपाकडं बघतच नाहीत, ताई. पाहुण्याकडं बघून बोलत राहतात, आणि हात आपला कुलूप उघडतो.” मला वाटते, भूमिकेचा पहिला श्वास इथे पडला. ज्या हाताला कुलूप पाठ आहे, तो माणूस त्या जागेचा धनी असतो. बाकी सगळे तिथे पाहुणे.

पण निरीक्षणातही फसगत असते. आठवडाभरात त्याने त्या गृहस्थांचे सगळेच उचलले. त्यांचे खोकणे, एक पाय ओढत चालणे, बोलता बोलता कान खाजवणे. गोठ्यात टाळ्या पडल्या, कारण गावातली दोन पोरे हजर होती आणि त्यांनी मूळ माणूस ओळखला. ताईला ते पटले नाही, आणि मलाही नाही. हुबेहूब नक्कल आणि भूमिका यांत फरक हा, की नक्कल पाहून आपण मूळ माणूस आठवतो आणि भूमिका पाहून मूळ माणसाला विसरतो. जे त्या गृहस्थांचे होते आणि सामंताचेही होऊ शकत होते, तेवढेच ठेवायचे, असे ठरले. पाय गेला, खोकला गेला, कान गेला. राहिला तो पाहुण्याकडे पाहत कुलूप उघडणारा हात.

त्या हाताने एक प्रश्न उभा केला: सामंताला या लोकांकडून हवे काय असते? तालमीत हा प्रश्न जितका उशिरा विचारला जातो तितकी भूमिका पोकळ राहते. कोणी म्हणाले, त्याला बेणारेबाई आवडतात. कोणी म्हणाले, त्याला शहराची भूल आहे. आमच्या सामंताने दिलेले उत्तर मी वहीत टिपून ठेवले आहे. तो म्हणाला, “काही नको हो त्याला. पाहुण्यांचं नीट व्हावं, एवढंच. आमच्याकडं पाहुणा आला की त्याला नाही म्हणत नाहीत.” या एका वाक्याने नाटकाचा तोल माझ्यापुरता बदलला. सामंत बावळट नाही. तो यजमान आहे. पाहुण्यांना विडी-काडी हवी, तो आणतो. पाहुण्यांना साक्षीदार हवा, तो उभा राहतो. पाहुण्यांना साक्ष हवी, तो तीही देतो. आणि ती देताना त्याच्या हातातल्या कादंबरीतला मजकूर तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगत जातो. गंमत म्हणून उच्चारलेले ते उसने शब्द नेमके बेणारेबाईंच्या आयुष्याला जाऊन भिडतात. आतिथ्य हा सद्गुण. पण नाही म्हणता न येणारे आतिथ्य कोणाच्या हातात कसले शस्त्र देईल, याचा नेम नाही. सुखात्म्यांची वकिली जितकी बोचते, त्याहून मला सामंताचा हा भाबडा होकार अधिक बोचतो.

हा साक्षीचा प्रवेश बसवायला दोन आठवडे लागले. अडचण अशी, की मुलाने नाटक पूर्ण वाचले होते. आपल्या शब्दांनी काय होणार आहे, हे त्याला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असल्याची खूण तो आवाजात पेरत होता. स्वर खोल जाई, थांबे लांबत, डोळे ओलावत. नटाला शेवट माहीत असतो, पात्राला नसतो. आणि तालमीचे अर्धे कष्ट माहीत असलेले विसरण्यासाठीच असतात. ताईने एक साधी युक्ती केली. ती रोज एक वेगळी जुनी कादंबरी आणी आणि त्यातले एक पान त्याला आयत्या वेळी उघडून देई. संहितेतले शब्द बाजूला. हे पान साक्ष म्हणून सांग. पुढच्या ओळीत काय आहे हे त्यालाच ठाऊक नसे. मग तो अडखळे, ओळ शोधी, एखादे झणझणीत वाक्य सापडले की त्याचा चेहरा उजळे, आणि आपण बोलतो आहोत व शहाणीसुरती माणसे कान देऊन ऐकत आहेत, या आनंदात आवाज आपोआप चढे. तोच तो सामंत! पाचव्या-सहाव्या दिवशी मूळ शब्द परत आले तेव्हा हा आनंद त्यांच्यात मुरलेला होता. गोठ्यात बसलेल्या आम्हा सर्वांना त्या आनंदाचीच भीती वाटू लागली. खिन्न सामंताने जे साधले नसते, ते हर्षभरित सामंताने साधले.

पैलवानांच्या तालमीची आठवण मी आरंभी काढली ती याचसाठी. या प्रवेशात भूमिका एकट्याने घडली नाही. बेणारे झालेली मुलगी एका कडेला काहीच न करता बसलेली असे. तिच्या न हलण्याचा जोर त्याच्यावर येई, आणि त्याच्या उत्साहाचा तिच्यावर. एके दिवशी ती तापाने आली नाही आणि तिच्या जागी दुसरी मुलगी नुसती बसवली, तर त्याची साक्ष पार सैल पडली. भूमिका नटाच्या पोटात असते, असे आपण म्हणतो. मला ती दोन नटांच्या मधल्या हवेत दिसली.

प्रेक्षकांचाही इथे थोडा हात लागला. संध्याकाळी कामे आटोपली की त्या मुलाची चुलती आणि शेजारच्या बायका येऊन दावणीच्या कडेला बसत. शहरातल्या मुलांना धाक होता, की या बायका सामंताला हसतील. त्या सामंताला एकदाही हसल्या नाहीत. हसल्या त्या काशीकरांच्या मोठेपणाला आणि सुखात्म्यांच्या रुबाबाला. त्यांच्या लेखी त्या गोठ्यात सरळ माणूस एकच होता, आणि बाकीचे पाहुणे विचित्र होते. साक्षीनंतर मात्र चुलती उठून म्हणाल्या, “कशाला बोललास रे असं?” हा सवाल पुतण्याला होता की सामंताला, ते कळले नाही, आणि ते न कळणे हीच पावती होती.

आता शेवटचा टप्पा. सामंताने पुतण्यासाठी हिरव्या कापडाचा पोपट घेतलेला असतो. सगळे संपल्यावर, बेणारेबाई निपचित पडलेल्या असताना, तो तो पोपट जरा दुरूनच त्यांच्याजवळ ठेवतो. या कृतीवर आमचा सामंत दर तालमीला रडे. खरेखुरे रडे, आणि सोबतचे दिपून जात. ताईने चार दिवस रडू दिले. पाचव्या दिवशी म्हणाली, “तू रडलास तर बघणाऱ्यांना काय उरलं?”

हा वाद जुना आहे. फ्रेंच विचारवंत दिदरो याने अठराव्या शतकात असे मांडले, की नट स्वतः हेलावला नाही तरच तो दुसऱ्याला हेलावू शकतो. त्याचा तो संवाद 1830 साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. उलट आपल्या भरतमुनींनी आंगिक, वाचिक, आहार्य यांच्या जोडीला सात्त्विक अभिनय मानला, आणि अश्रूंना आठ सात्त्विक भावांत जागा दिली. मग अश्रू वर्ज्य कसे? पण भरताने सत्त्वाचे मूळ मनाच्या एकाग्रतेत सांगितले आहे, मनाच्या पुरात नव्हे. आमच्या सामंताचे मन एकाग्र होते ते स्वतःच्या दुःखावर; पोपट हातात आहे, याचाही त्याला विसर पडे. मग त्याला एकच काम दिले: पोपट ठेवताना आवाज होऊ द्यायचा नाही, झोपलेल्या माणसाजवळ ठेवावा तसा. त्या दिवशी डोळे कोरडे राहिले. ज्या हाताने पहिल्या अंकात न पाहता कुलूप उघडले होते, तोच हात आता पाहून पाहून, जपून एक कापडी खेळणे ठेवत होता. पाहुण्याला देण्यासारखे यजमानाजवळ एवढेच उरले होते. दारात उभ्या असलेल्या चुलतींनी पदर डोळ्यांना लावला.

प्रयोग महाविद्यालयाच्या सभागृहात झाला. चांगला झाला; उत्तम झाला असे म्हणणार नाही. सुखात्मे दुसऱ्या अंकात घाईत होते, आणि प्रकाशयोजना दोनदा चुकली. सामंताला पहिल्या अंकात हशा कमी मिळाला. मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, की हा मुलगा भूमिकेतला विनोद काढत नाही. मला ती टीका त्याच्या कष्टाचे माप वाटली. जे काढून टाकायला सहा आठवडे लागले, तेच काही जणांना हवे होते!

येथे मला एका मोठ्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. महाविद्यालयीन नाटक ही पुण्याची जुनी मिरास आहे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना नाटक करणारे श्रीराम लागू पुढे मराठी रंगभूमीचे थोर नट झाले. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हेही वैद्यकाचेच विद्यार्थी, आणि 16 डिसेंबर 1972 रोजी भरत नाट्य मंदिरात उभ्या राहिलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चे एक दिग्दर्शक, तर दुसरे नाना फडणवीस. ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ ही संस्था 1963 पासून आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेत आली आहे, आणि पुरुषोत्तम करंडकासाठी मुले जिवाचे रान करतात. 2022 साली परीक्षकांनी योग्य दर्जाची एकांकिका नसल्याचे सांगून करंडकच कोणाला दिला नाही, तेव्हा मोठा गदारोळ उठला. कोणाला तो विद्यार्थ्यांचा अपमान वाटला, कोणाला डोळ्यांत घातलेले अंजन. मला त्या वादात पडायचे नाही. परंतु त्या निमित्ताने जे विचारायला हवे होते, ते कोणी फारसे विचारले नाही. मुलांना तालीम करायला जागा किती, दिवस किती, आणि चुकायची मोकळीक किती? परीक्षक तास-दीड तास पाहतो. भूमिका घडते ती त्याआधीच्या कित्येक संध्याकाळी, जिथे गुण देणारा कोणी नसतो. करंडक हवाच; स्पर्धेवाचून तरुण रक्ताला ऊब येत नाही. मात्र करंडकासाठी पहिल्याच आठवड्यात हशा आणि टाळ्यांच्या जागा पक्क्या केल्या, की वाकडी मान कायमची वाकडी राहते.

आणि हा केवळ अभिनयाचा प्रश्न नाही. रंगमंचावर गावचा माणूस कसा दिसतो, यावरून शहराचा माणूस त्याला कसा वागवायचा ते शिकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, गावचा मुलगा स्वतःकडे कसे पाहायचे तेही तिथूनच शिकतो. आमच्या सामंताने पहिल्या दिवशी स्वतःच्या माणसांचा आवाज लपवला होता. सहा आठवड्यांनी त्याने तो लपवला नाही आणि मिरवलाही नाही, फक्त वापरला. नट म्हणून तो पुढे किती जाईल, हे मी सांगू शकत नाही. पण तालीम या शब्दाचा मूळ अर्थ शिक्षण, हे त्याने मला पटवून दिले.

दिवाळीच्या सुटीत आपल्या घरातले एखादे पोर माडीवर दार लावून मोठ्याने काही बोलत असेल, तर वाचकांनी त्याला अभ्यासाला बस म्हणून लगेच हाकारू नये. ते कदाचित दुसऱ्या एखाद्या माणसाला समजून घेण्याच्या खटपटीत असेल. तोही अभ्यासच आहे, आणि त्याचे पुस्तक आपल्या घरातच, आपल्या बोलण्या-चालण्यातच उघडे पडलेले आहे.